पायी चालणाऱ्याचे शहर

भाऊबीजेला अमरावतीहून अकोल्याला थोरल्या बहिणीकडे जायचे, हा माझा पन्नासएक वर्षांचा परिपाठ आहे. पूर्वी एस. टी.च्या लाल मोटारीत बसून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव असे थांबे घेत, मांडीवर करंज्या-अनारशांचा डबा सांभाळत जायचे. उतरेपर्यंत डब्यातल्या करंज्यांचा चुरा आणि अंगातल्या हाडांचा त्याहून बारीक चुरा होत असे. आता तसे काही होत नाही. आता मी ज्या रस्त्याने जातो, तो जगाच्या विक्रमांच्या वहीत नोंदलेला रस्ता आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान पंचाहत्तर किलोमीटर लांबीची एक सलग डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आली. सातशेवर माणसे रात्रंदिवस राबली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहा शहराचा होता, पंचवीस किलोमीटरांचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. गिनेसच्या पुस्तकात आमच्या वऱ्हाडाचे नाव लागले, ते कापसामुळे नव्हे, आत्महत्यांमुळे नव्हे, तर एका चांगल्या कामामुळे लागले, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या आठवड्यात मी चार जणांना उगाचच पेढे दिले.

मग मी अकोल्याला उतरतो आणि रडकथेला सुरुवात होते.

ताईचे घर जुन्या शहरात, मोर्णेच्या पलीकडे. मोटार मला जिथे सोडते तिथून घर फार तर दीड किलोमीटर असेल. पंचाहत्तर किलोमीटर मी पोटातले पाणी न हलता येतो. हे दीड किलोमीटर मात्र मला गिनेसच्या पुस्तकात नोंदवावेसे वाटतात. पदपथ म्हणून जी वस्तू आहे ती दहा पावले असते आणि नंतर एका दुकानाच्या पायऱ्यांत शिरून नाहीशी होते. पुन्हा उगवते तेव्हा तिच्यावर एक विजेची पेटी, दोन फटफट्या आणि नालीवरची अर्धी फरशी असते. उरलेली अर्धी नालीत असते. म्हणून माणसे रस्त्यावरून चालतात आणि मोटारवाले त्यांच्यावर डाफरतात. अमरावतीत राजकमल चौकात किंवा गांधी चौकात उभे राहून पाहावे, तेथेही हीच तऱ्हा. या बाबतीत दोन्ही शहरांत भाऊबंदकी नाही, पूर्ण एकमत आहे.

पण पदपथाची तक्रार ही झाली नेहमीची. या दिवाळीत मी लिहायला बसलो आहे तो वेगळ्याच गोष्टीमुळे.

मे २०२४ मध्ये ताईला बरे नाही असा निरोप आला म्हणून मी अकोल्याला गेलो. त्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे होता. दंगल नाही, मोर्चा नाही, आणि तरी जिल्ह्यात २५ ते ३१ मेपर्यंत जमावबंदीचे १४४ कलम लावण्यात आले होते. उन्हाला कलम लावता येत नाही, म्हणून ते माणसांना लावले! शिकवणीचे वर्ग भर दुपारी घेऊ नयेत, मजुरांना पाणी आणि सावली द्यावी, असे त्या आदेशात होते. आदेश शहाणपणाचा होता. मी त्याची थट्टा करीत नाही. सावली ही मजुराला द्यायची वस्तू आहे हे सरकारी कागदावर वाचून मला बरेच वाटले. फक्त मनात आले की, ती आणायची कुठून?

ताईच्या घरापासून राजराजेश्वराचे देऊळ आठशे पावलांवर आहे. हा आकडा तिचा. पन्नास वर्षे रोज मोजून काढलेला. त्या वाटेवर निंबाची सात झाडे होती. तिसऱ्या निंबाखाली एक दगड होता, त्यावर ती टेकायची. पाचव्याखाली एक फुलवाली बसायची. रस्ता रुंद करताना सातही गेली. दगडही गेला. फुलवाली कुठे गेली ते कुणी सांगू शकले नाही. मी ताईला विचारले, "देवळात जातेस की नाही?" तर म्हणाली, "बापू, आता मी फागुनापासून मिरगापर्यंत घरातच राह्यतो. पाय नाई म्हनत नाईत रे. टाळू नाई म्हनते."

तिचे दुखणे काय होते, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले आणि गोळ्याही दिल्या. पण ज्या बाईने उभ्या जन्मात घरी बसून देव पाहिला नाही, तिला वर्षातले चार महिने तिच्याच गावाने घरात कोंडून घातले, हे त्या कागदावर कुठेच नव्हते.

मी मास्तर माणूस. गप्प बसणे हा माझा धर्म नव्हे. एका कचेरीत गेलो. कोणती ते सांगत नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही कचेरीत गेलो असतो तरी हेच ऐकायला मिळाले असते याबद्दल माझी खात्री आहे. तिथला तरुण अभियंता मोठा सालस होता. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "आजोबा, रस्ता किती मोठा झाला ते पाहिलं ना? अन् आजींना ऑटोनं न्या की. आठशे पावलं चालायची गरजच काय?" मग त्याने फाइल दाखवली. झाडे नियमाप्रमाणे तोडली होती. बदल्यात रोपे नियमाप्रमाणे लावली होती, पण शहराबाहेर, जिथे जागा होती तिथे.

आता या नियमाचीच गोष्ट घ्या. शहरातली झाडे जपण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७५ पासून आहे. २०२१ मध्ये तो सुधारला. पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हणायचे ठरले आणि झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी रोपे लावायची असे ठरले. साठ वर्षांच्या निंबामागे साठ रोपे. हिशेब बिनचूक आहे. पण साठ रोपांची सावली मिळून एका चिमणीवरही पडत नाही. ती वाढायला वीस वर्षे लागतात, आणि वाढली तरी पडणार गावाबाहेरच्या माळावर! ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने वीस वर्षे थांबावे, आणि मग देवळात न जाता त्या माळावर जाऊन बसावे, अशी या नियमाची अपेक्षा दिसते. सावली ही जागच्या जागी लागणारी चीज आहे. भाकरी अकोल्यात हवी असताना मनमाडला वाढून कसे चालेल?

माझे म्हणणे एवढेच आहे की, शहराची परीक्षा मोटारीच्या काचेतून करू नये. मे महिन्यात दुपारी बारा वाजता एखादी म्हातारी आपल्या दारापासून देवळापर्यंत, दवाखान्यापर्यंत, भाजीबाजारापर्यंत कुणाचा हात न धरता चालत जाऊ शकते का, हा पहिला प्रश्न. तिला जाता येत नसेल, तर उड्डाणपूल कितीही उभारा, चौकाचौकांत कारंजी थुईथुई नाचवा, ते गाव राहण्याच्या लायकीचे नाही. आणि म्हातारीला जाता आले, तर शाळेतल्या पोराला, गर्भारणीला, हमालाला, आंधळ्याला, सगळ्यांनाच जाता येते. एवढा साधा हिशेब आमच्या नगररचनेला कळू नये याचे मला नवल वाटते.

अमरावतीचा परकोट वऱ्हाडात कुणाला ठाऊक नाही? निजामाच्या अमदानीत १८०७ साली तो बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. कशासाठी? पेंढाऱ्यांची धाड पडत असे म्हणून. त्या राज्यकर्त्यांविषयी मला फार प्रेम आहे असे नाही. त्यांना काळजी होती ती पैसेवाल्या सावकारांची. पण आपल्या गावावर संकट कोणते आहे ते त्यांना कळले आणि त्याच्या उंचीची भिंत त्यांनी घातली, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल. आजचा वऱ्हाडातला पेंढारी ऊन आहे. तो दरसाल येतो, फाल्गुनात येतो, दिवसाढवळ्या येतो. आणि आम्ही काय करतो? त्याच्यासाठी कोट पाडून रस्ता रुंद करतो!

आमच्या आजोबा-पणजोबांनी या पेंढाऱ्याशी बरी झुंज घेतली होती. जाड मातीच्या भिंती, धाब्याचे छत, आत चौक, पुढे ओसरी, दारावर वाळ्याचा पडदा. गल्ली एवढी अरुंद की, समोरासमोरच्या घरांच्या सावल्या तिला दिवसभर पुरत. आता कुणी म्हणेल, मास्तरांना जुन्याचा उमाळा आला. नाही बुवा. त्या गल्ल्यांत गटारे नव्हती, प्लेग आला की घरेच्या घरे ओस पडत, आणि गावातल्या ओसऱ्या सगळ्यांना टेकायला मोकळ्या नव्हत्या. कुणाच्या सावलीचा कुणाला विटाळ होत असे, हे मी विसरलेलो नाही. ते दिवस परत नकोत. पण विटाळ टाकताना सावलीही टाकून द्यावी असे कुठल्या सुधारकाने सांगितले होते?

आता घरे काचेची आणि सिमेंटची. दिवसभर ती ऊन पितात आणि रात्रभर ओकतात. आत गारवा यावा म्हणून प्रत्येक खिडकीला कूलर. कूलरला पाणी हवे. आणि हे पाणी अकोल्याला येते काटेपूर्णेच्या धरणातून, अमरावतीला अप्पर वर्धेच्या. पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा भाग खारपाणपट्टा. जमिनीतले पाणी तोंडात धरवत नाही. म्हणजे धरणातले गोडे पाणी नळातून आणायचे, ते वाऱ्यावर उडवायचे, आणि ज्या निंबाने हेच काम फुकट केले असते तो तोडून रस्त्याला लावायचा. याला आम्ही प्रगती म्हणतो. जो निंब वाचतो, त्याच्या बुंध्याला चिकटवून सिमेंटचे ठोकळे बसवतात, जणू त्याच्या गळ्याला फास. झाडाभोवती निदान एक मीटर माती मोकळी ठेवा, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीला बजावले होते. मुळे काय फक्त दिल्लीच्या झाडांना असतात?

कुणी म्हणते, पैसा नाही. पंचाहत्तर किलोमीटर डांबर साडेचार दिवसांत अंथरणाऱ्या देशाला पाचशे मीटर पदपथ बांधायला पैसा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. कुणी म्हणते, फेरीवाल्यांनी पदपथ खाल्ला. फुलवालीने किती जागा खाल्ली असेल हो? एक पाटी ठेवण्याइतकी. आणि तिच्याशेजारी ज्या बंद काचेच्या मोटारी दिवसभर उभ्या असतात, त्या प्रत्येकी चार फुलवाल्यांची जागा खातात, आणि त्यांना कुणी फेरीवाले म्हणत नाही. फेरीवाल्यांना कुठे बसवायचे ते ठरवण्याचा कायदा २०१४ साली झालेला आहे. कुणी म्हणते, पायी चालणे हा काही हक्क आहे का? आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले की, अडथळ्यावाचून पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ताईला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "कोर्टानं बोलावलं तं मी जाईन रे, पन मला तिथवर पायी जाता आलं पाह्यजे ना!"

आणि वाचकहो, सगळा दोष कारभाऱ्यांच्या पदरी टाकून आपण फराळाला बसावे असेही नाही. शहराबाहेर जिकडे तिकडे लेआउट पडतात. मोठ्या लेआउटमध्ये दहावा हिस्सा जमीन सर्वांसाठी मोकळी सोडावी असा नियम आहे; तिथे झाडे व्हावीत, पोरांनी खेळावे. ती जागा पाच वर्षे ओसाड पडते. मग आम्हीच, तुम्ही-मी, वर्गणी काढून तिथे एक सभागृह बांधतो, त्याच्याभोवती फरशी घालतो आणि फाटकाला कुलूप लावतो. दोन वर्षांनी त्याच सभागृहात 'वाढते तापमान' या विषयावर व्याख्यान ठेवतो. मीही दिले आहे असे एक व्याख्यान. वातानुकूलित होते.

लोकांना हाक दिली तर लोक येतात, हे मी पाहिले आहे. १३ जानेवारी २०१८ ला मोर्णा स्वच्छ करायला अकोल्याचे सहा हजारांवर लोक नदीत उतरले. शंभराहून जास्त संस्था होत्या, जिल्हाधिकारी होते, शाळेची पोरे होती. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी दोन्ही काठ साफ झाले. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून कौतुक केले. दर शनिवारी जायचे असे ठरले होते. त्या दिवसांत ताईच्या शेजारची पोरे जलकुंभीचे भारे खांद्यावरून नेताना पाहून माझे डोळे भरून आले. पुढे जलकुंभी पुन्हा वाढली, कारण तिला खायला घालणारे नाले तसेच नदीत पडत राहिले. काढणारे हात दमतात. वाहणारे गटार दमत नाही. झाडूच्या पाठोपाठ नळ आणि शुद्धीकरणाचे कुंड यायला हवे होते, आणि तेच पाणी पुढे रस्त्याच्या झाडांना देता आले असते. झाडांना पाणी आणायचे कुठून, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हे आहे.

गाडगेबाबा आमचेच. शेंडगावचा हा माणूस, समाधी अमरावतीत. ते गावात शिरले की आधी झाडू हातात घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आम्ही त्यांचे नाव नगराला दिले, विद्यापीठाला दिले, अभियानाला दिले. क्रम मात्र उलटा केला: आधी कीर्तन, आणि झाडू छायाचित्रापुरता.

दिवाळीचाच अंक आहे म्हणून एक दिवाळीचीच हकीकत सांगतो. पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश पंडित १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. होळकर दरबाराने त्याला इंदूरच्या नगररचनेसाठी बोलावले. गावात प्लेग, आणि हा गोरा माणूस नकाशे घेऊन गल्लीबोळांतून हिंडतो म्हटल्यावर लोक त्याला पाहून दारे लावून घेत. हा घरे पाडायला आला आहे अशी त्यांची समजूत. गेडिसने दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती मागून घेतली. दवंडी पिटली की, यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटक्या असतील त्यांतून जाईल. मग काय विचारता! सारे इंदूर झाडू लागले, सारवू लागले, भिंती रंगवू लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचे प्रचंड सोंग होते, घाणीचा राक्षस होता, आणि मानाच्या जागी नवे पांढरे कपडे घालून, हार घालून, नवे झाडू घेतलेले भंगी चालत होते. शेवटी उंदीर आणि राक्षस जाळले. त्याच गेडिसने असेही लिहून ठेवले आहे की, जुन्या वस्तीवर सरळ रेघ मारून हमरस्ता काढू नये. शल्यविशारदाने जपून करावी तशी, कुठे एखादे पडके घर काढून, कुठे एक चौक मोकळा करून, एक झाड लावून वस्ती बरी करावी. शंभर वर्षे होऊन गेली. आमच्या कचेऱ्यांतली रेघ अजून सरळच आहे.

आमच्याकडेही मिरवणुका आहेत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. रात्रभर हजारो पोरे अनवाणी चालतात आणि त्या रात्री अकोला पायी चालणाऱ्याचे असते. नवरात्रात अमरावतीकर पहाटे अंबादेवीला पायी निघतात, तेव्हा बायकांचे जथे रस्त्याच्या मधून चालतात आणि एकही भोंगा वाजत नाही. कुणाचा धंदा बुडाल्याचे मी ऐकले नाही. म्हणजे हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरत नाही. कोलंबियातल्या मेदेयीन शहराने २०१६ पासून तीसेक हिरवे पट्टे रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या कडेने लावले, शहरातलीच गरीब माणसे माळी म्हणून कामावर घेतली, आणि तिथला उष्मा दोनेक अंशांनी उतरला असे ते शहर सांगते. मी मेदेयीन मागत नाही. अमरावतीत राजकमल चौकापासून अंबादेवीपर्यंत एक बाजू, अकोल्यात ताईची आठशे पावले. सुरुवातीला एवढे पुरे. निंब लावा, पिंपळ लावा, करंज लावा. ते शोभेचे ताडाचे खांब लावू नका. त्यांची सावली त्यांनाच पुरत नाही.

यंदा भाऊबीजेचे बोलावणे फोनवर आले. ताईने उन्हाळ्याच्या शेवटी निंबोळ्या वेचून आणवल्या होत्या आणि तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत पेरल्या होत्या. रोपे आता वीतभर झाली आहेत म्हणाली. लावायची कुठे? दारापुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे ठोकळे आहेत. बोटभर माती दिसत नाही. मी म्हटले, अर्ज करू या. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अर्ज तू कर बापू, तुले येते लिहिता. पन येतानी ओवाळनी आनू नको यंदा. तुह्या घरची ती जुनी पहार घेऊन ये."

पहार मोटारीच्या टपावर बांधून ठेवली आहे.